कामगंध सापळे शेतात का टिकत नाहीत? कापूस, बोंडअळी आणि फवारणीचा निर्णय

विदर्भातल्या कापूस उत्पादकाला विचारा, गुलाबी बोंडअळीवर काय करायचं ते त्याला पाठ असतं. कामगंध सापळे (वासाने पतंग ओढून पकडणारे) लावा, निंबोळी अर्क फवारा, डोमकळ्या (अळी लागून मिटून राहिलेली फुलं) तोडून नष्ट करा, फरदड (हंगाम संपल्यावरही शेतात राखलेला कापूस) घेऊ नका. कृषी विभागाच्या पत्रकांतून, आकाशवाणीवरून, व्हॉट्सॲपवरून ही चार वाक्यं त्याच्यापर्यंत वर्षानुवर्षं पोचत आहेत. तरीही पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, पात्या (कळ्या) आणि फुलं लागली की पाठीवर पंप चढतो, आणि पंपात बहुतेक वेळा रासायनिक कीटकनाशकच असतं.

यावरून 'शेतकऱ्यांत जागृती नाही' असा निष्कर्ष काढणं फार सोपं आहे. मला तो चुकीचा वाटतो, आणि अन्यायाचाही. शेतकऱ्याच्या जागी उभं राहून हिशेब मांडला तर फवारणी हाच त्या क्षणी शहाणपणाचा निर्णय ठरतो. तो तसा का ठरतो, ते नीट पाहिल्याशिवाय कितीही सापळे वाटले तरी ते बांधावर पडून राहणार.

आधी ही अळी

गुलाबी बोंडअळीचा पतंग रात्री उडतो. मादी पात्यांवर, फुलांवर, कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात बोंडात शिरते आणि तिने पाडलेलं भोक बोंड वाढताना बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवंगार, टणक दिसतं. आत अळी सरकी खात असते. वेचणीला आल्यावर बोंड अर्धवट उमलतं आणि हातात पिवळट, किडका कवडी कापूस येतो.

म्हणजे शेतकऱ्याला नुकसान दिसतं तेव्हा अळी आत सुरक्षित असते आणि वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. या किडीवरचे खरे उपाय तिच्या येण्याआधीचे आहेत: पतंग मोजणं, नर-मादीचं मीलन रोखणं, अंडी नष्ट करणं आणि दोन हंगामांच्या मधे तिला उपाशी ठेवणं. हे सगळं तेव्हा करायचं असतं जेव्हा शेतात काहीही वाईट दिसत नसतं. कुठल्याही माणसाला हे अवघड जातं. ज्याच्या खिशात पेरणीनंतर पैसे उरलेले नाहीत, त्याला तर जास्तच.

बीटी कापसाची, म्हणजे बोंडअळीला मारणारं एका जिवाणूचं जनुक घातलेल्या कापसाची, गोष्टही इथेच सांगायला हवी. भारतात बीटी कापसाला २००२ मध्ये मंजुरी मिळाली. अशी दोन जनुकं असलेलं बीटी २ हे तंत्रज्ञान २००६ मध्ये आलं. सुरुवातीची काही वर्षं बोंडअळ्या खरंच हटल्या, फवारण्या घटल्या आणि एक अख्खी पिढी बोंडअळीची टेहळणी करणं विसरली. पुढे गुलाबी बोंडअळीने आधी एका जनुकाला, मग दोन्ही जनुकांना दाद देणं थांबवलं. गुजरातेत ही लक्षणं आधी दिसली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात या अळीने हाहाकार केला. राज्य सरकारला नुकसानभरपाई जाहीर करावी लागली.

थांबण्याची जोखीम कोणाची?

एकात्मिक कीड व्यवस्थापनाचा, म्हणजे फक्त औषधावर न विसंबता सगळे उपाय मिळून कीड आटोक्यात ठेवण्याचा, गाभा एका कल्पनेत आहे: आर्थिक नुकसानीची पातळी. कीड दिसली की मारायची नाही. तिच्यामुळे होणारं नुकसान फवारणीच्या खर्चापेक्षा जास्त होणार असेल, तेव्हाच मारायची. गुलाबी बोंडअळीसाठी ही पातळी ठरलेली आहे. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात ८ किंवा त्याहून जास्त पतंग सापडले, किंवा तपासलेल्या फुला-बोंडांत साधारण १० टक्के प्रादुर्भाव दिसला, की उपाय करायचा. त्यासाठी शेतात फिरून वीस हिरवी बोंडं तोडायची आणि फोडून पाहायची. दोनांत अळी निघाली, की पातळी गाठली.

कागदावर हे उत्तम आहे. आता शेतकऱ्याच्या बाजूने पाहू. वीस चांगली बोंडं स्वतःच्या हाताने तोडायची, हेच आधी जिवावर येतं. समजा तोडली आणि एकात अळी निघाली. शास्त्र म्हणतं, थांबा. पण त्या एका अळीने पोटात गोळा आलेला असतो. थांबलो आणि पुढच्या पंधरा दिवसांत कीड वाढली, तर वर्षभराची कमाई जाते. फवारलं आणि गरज नव्हती असं निघालं, तर एका फवारणीचा खर्च जातो. शिवाय फवारूनही पीक गेलं तर घरातले, गावातले म्हणतात, 'त्याने सगळं केलं, नशीब आडवं आलं.' न फवारता पीक गेलं तर म्हणतात, 'वेळेवर औषध मारलं नाही.' फवारणी ही त्याच्यासाठी विम्याच्या हप्त्यासारखी असते. शास्त्रज्ञ सरासरीचा विचार करतात, कोरडवाहू शेतकऱ्याला सगळ्यात वाईट वर्षाचा विचार करावा लागतो. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात शेतकऱ्याची सरासरी जमीन १.३४ हेक्टर आहे. एवढ्या जमिनीवर प्रयोग करून पाहायला वेगळा तुकडा कुठून आणणार?

एक कडू गोष्टही आहे. फवारणीचा आणखी एक खर्च असतो, आरोग्याचा. तो या हिशेबात नीट येत नाही, कारण पुष्कळदा फवारणी ठरवणारा एक असतो आणि पंप पाठीवर घेणारा दुसराच, रोजंदारीवरचा मजूर. २०१७ च्या त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल करावं लागलं. डोक्याच्या वर गेलेली पऱ्हाटी, दमट हवा, दोन-तीन औषधं एकत्र करून मारणं, अंगावर साधा सदरा. संरक्षक कपडे घाला असा सल्ला तेव्हाही होता. सप्टेंबरच्या उकाड्यात रबरी हातमोजे, मुखवटा आणि पूर्ण अंगाचा पोशाख घालून दिवसभर पंप चालवून पाहिला, की तो सल्ला का पाळला जात नाही ते कळतं. डब्यावर विषारीपणा सांगणारा रंगीत त्रिकोण असतो, लाल म्हणजे सर्वांत जहाल. पण मजुराच्या हातात पंप येतो तेव्हा डबा बऱ्याचदा बांधावरच राहिलेला असतो.

सल्ला कुठे मिळतो, उधारी कुठे मिळते

शेतकऱ्याला पानावर काही डाग दिसला, अळी दिसली, की तो पान तोडून खिशात घालतो आणि थेट कृषी केंद्रात, म्हणजे बियाणं-खत-औषधाच्या खासगी दुकानात, जातो. एका कृषी सहायकाकडे अनेक गावं असतात. त्याच्याकडे पंचनामे, योजनांचे अर्ज, ऑनलाइन नोंदी असा कामांचा ढीग असतो. कृषी केंद्र मात्र सकाळी आठला उघडं असतं, दुकानदार ओळखीचा असतो, तो पान पाहतो आणि लगेच उत्तर देतो. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो उधारी देतो.

माझ्या मते कीडनाशकाच्या सगळ्या अर्थशास्त्राची किल्ली या उधारीत आहे. बियाणं, खत आणि औषध एकाच वहीवर लिहिलं जातं आणि हिशेब कापूस विकल्यावर होतो. ज्याच्या वहीवर तुमचं नाव आहे, त्याच्या सल्ल्याला 'नाही, मी आधी तीन रात्री पतंग मोजतो' असं म्हणणं सोपं नसतं. निंबोळ्या उधारीवर मिळत नाहीत, आणि त्या विकून दुकानदाराला फारसं काही सुटतही नाही. टॉनिक आणि दोन औषधांचं मिश्रण यांत त्याला सुटतं.

दुकानदाराला खलनायक करून मात्र काही साधत नाही. त्याचंही भांडवल अडकलेलं असतं आणि त्याच्याकडे येणारा बहुतेक सल्ला कंपन्यांच्या प्रतिनिधींकडून आलेला असतो. म्हणूनच हैदराबादच्या 'मॅनेज' या राष्ट्रीय संस्थेने विक्रेत्यांसाठी वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम २००३ पासून सुरू केला, हे मला फार शहाणपणाचं पाऊल वाटतं. सल्ला दुकानातूनच जाणार असेल, तर दुकानापासूनच सुरुवात करायला हवी.

जे उपाय फळीवर राहत नाहीत

रासायनिक औषधाची बाटली दोन वर्षं फळीवर राहते. ट्रायकोकार्डचं तसं नाही. ट्रायकोग्रामा ही डोळ्यांना जेमतेम दिसणारी गांधीलमाशी. ती किडीच्या अंड्यात आपलं अंडं घालते, त्यामुळे अळी जन्मालाच येत नाही. एका कार्डावर, आत ट्रायकोग्रामा वाढत असलेली अशी सुमारे वीस हजार अंडी चिकटवलेली असतात. ती काही दिवसांतच फुटतात, म्हणून कार्ड वेळेवर प्रयोगशाळेतून निघायला हवं, उन्हात न तापता गावात पोचायला हवं आणि पतंग अंडी घालत असतानाच शेतात पानाखाली टाचायला हवं. त्याच आठवड्यात शेजाऱ्याचं औषध वाऱ्याने आलं तर तो सगळा खटाटोप वाया. अशी जिवंत वस्तू तालुक्याच्या दुकानातून विकणं अवघड आहे. म्हणून ती बहुतेक ठिकाणी मिळतच नाही. जे मिळत नाही ते शेतकरी 'स्वीकारत नाही' असं म्हणण्यात काय अर्थ?

निंबोळी अर्काची अडचण वेगळी आहे. पाच टक्के अर्क करायला पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवायच्या, सकाळी फडक्याने गाळायच्या, थोडा साबण घालून द्रावण शंभर लिटर करायचं आणि त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवारायचं. कृती सोपी, खर्च नगण्य. पण निंबोळ्या पडतात त्या मे-जून-जुलैत, म्हणजे नेमक्या मशागतीच्या आणि पेरणीच्या धांदलीत. त्या वेचणं, सुकवणं, साठवणं हे काम घरात कोणाच्या वाट्याला येतं हे सांगायला नको. 'बिनखर्ची उपाय' म्हणताना या बायकांच्या तासांची मजुरी कोणीच धरत नाही. वरून अर्काचा परिणाम सावकाश दिसतो. अळी खाणं सोडते, तिची वाढ खुंटते, पण ती लगेच मरून पडत नाही. फवारणीनंतर संध्याकाळी मेलेल्या अळ्या पाहायची सवय झालेल्या माणसाला या औषधात 'पॉवर' नाही असं वाटणारच.

आणखी एक विसंगती सांगतो. निंदण, वेचणी करणाऱ्या बाया पिकाच्या सगळ्यात जवळ असतात. डोमकळी, म्हणजे पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहिलेलं अळीग्रस्त फूल, बऱ्याचदा सर्वांत आधी त्यांच्या नजरेस पडते. प्रशिक्षणाचं बोलावणं मात्र सातबाऱ्यावर नाव असलेल्या पुरुषाला येतं.

एकट्याने करायचं काम नव्हे

आता सगळ्यात अवघड भागाकडे येऊ. कामगंध सापळ्यात मादीच्या गंधाची नक्कल करणारी गोळी असते, तिला ल्यूर म्हणतात. त्या वासाने फक्त नर येतात. टेहळणीसाठी एकरी दोन सापळे पुरतात. नर मोठ्या संख्येने पकडायचे तर एकरी आठ तरी लावावे लागतात. पण शेजारच्या शेतात मीलन झालेली मादी उडत आली, तर ती सापळ्याकडे ढुंकूनही पाहत नाही आणि सरळ तुमच्या बोंडावर अंडी घालते. तुम्ही एकट्याने सापळे लावून फारसं काही होत नाही. उलट, 'सापळ्यामुळे शेजाऱ्याचे पतंग आपल्याच शेतात येतात' ही शंका गावात बळावते. मीलन रोखणाऱ्या गंध-दोऱ्यांचंही तेच आहे. सलग मोठ्या क्षेत्रावर लावल्या तर उपयोग, मधेच एका तुकड्यावर लावून नाही.

फरदडीचा पेच याच जातीचा आहे. गुलाबी बोंडअळी जवळजवळ पूर्णपणे कापसावर जगते. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटली, शेतं चार-पाच महिने कापसाशिवाय राहिली, की तिची साखळी तुटते. पण पाण्याची सोय असलेल्याला जानेवारी-फेब्रुवारीत आणखी एक-दोन वेचण्या मिळतात. त्या पैशांचा फायदा त्याचा एकट्याचा, आणि त्याच्या शेतात वाढलेल्या अळीचा तोटा पुढच्या हंगामात सगळ्या शिवाराचा. त्याला स्वार्थी म्हणून भागत नाही, कारण त्याने सोडलं तरी बाकीचे सोडतील याची त्याला खात्री नसते.

बीटीच्या पाकिटाने हा धडा फार स्पष्ट शिकवला. ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम साधं बियाणं वेगळ्या पुडीत येत असे. ते शेताच्या कडेने लावायचं होतं, म्हणजे त्यावर बीटीला बळी पडणारे पतंग जगतील, प्रतिकारक पतंगांशी त्यांचं मीलन होईल आणि प्रतिकारशक्ती सगळीकडे पसरणार नाही. शेतकऱ्याने पाहिलं ते एवढंच: हे लावलं की त्या ओळींना अळी लागणार. बहुतेकांनी ती पुडी फेकून दिली. सगळ्यांच्या भल्यासाठी प्रत्येकाने एकट्याने तोटा सोसावा, अशी ती मागणी होती. पुढे साधं बी बीटीच्या पाकिटातच मिसळून द्यायची पद्धत आणली गेली, आणि तो निर्णय शेतकऱ्याच्या खांद्यावरून उतरला. पण तोवर गुलाबी बोंडअळी प्रतिकारक होऊन बसली होती.

उलट उदाहरण अमेरिकेचं. २०१८ मध्ये अमेरिकेने आपल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. बीटी कापूस तिथेही होता, पण सोबत ठरल्या तारखेपर्यंत पऱ्हाट्या गाडण्याची सक्ती होती, गंधाने मीलन रोखणं होतं आणि विमानांतून सोडलेले अब्जावधी निर्बीज पतंग होते. खर्चात शेतकऱ्यांच्या संघटनांचाही वाटा होता. तिथली शेतं प्रचंड आणि शेतकरी मोजके, म्हणून ती नक्कल इथे जशीच्या तशी चालणार नाही. एक मात्र उघड आहे: तिथे कीड हा एकेका शेताचा नव्हे, पूर्ण पट्ट्याचा प्रश्न मानला गेला.

महाराष्ट्रातच जमलेली दोन उदाहरणं

२००२ साली सांगली भागात उसावर लोकरी मावा आला आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकात पसरला. उंच वाढलेल्या दाट उसात पंप घेऊन शिरणंच मुश्कील. तिथे डिफा आणि मायक्रोमस हे मावा खाणारे मित्रकीटक कामाला आले. ते वाढवून शेतांत सोडले गेले, आणि मावा आटोक्यात आला. हे शक्य झालं त्यामागे साखर कारखान्यांचा मोठा हात होता, असं मला वाटतं. कारखान्याकडे प्रत्येक शेतातल्या उसाची नोंद असते, गावोगाव माणसं असतात आणि उसाचं नुकसान हे कारखान्याचंही नुकसान असतं. कापसाला असा कोणी धनी नाही. शेतकरी कापूस विकतो आणि जिनिंगवाल्याचा, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या गिरणीवाल्याचा, त्याच्या शेतातल्या पुढच्या हंगामाशी काही संबंध उरत नाही. खरं तर किडकी सरकी साठवलेल्या जिनिंगमधूनही पतंग पुन्हा शिवारात येतात.

दुसरं उदाहरण नाशिकच्या द्राक्षांचं. २०१० मध्ये एका वाढ नियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळले म्हणून युरोपने आपली द्राक्षं नाकारली आणि निर्यातदार बागायतदार हादरले. आज तोच बागायतदार कोणतं औषध काढणीच्या किती दिवस आधी बंद करायचं हे तोंडपाठ सांगतो, फवारण्यांची नोंदवही ठेवतो, जैविक बुरशीनाशकं वापरतो. हा बदल प्रबोधनाने झालेला नाही. घेणारा प्रयोगशाळेत तपासतो आणि नापास झालं तर माल परत येतो, म्हणून झाला. कापसाच्या गाठीला मात्र कोणी विचारत नाही की तुझ्यावर किती फवारण्या झाल्या. कमी विषाने पिकवलेल्या कापसाला मंडीत तोच भाव.

मग शिकवण्याला काहीच अर्थ नाही?

आहे, पण पत्रक वाटण्याला नाही. आपल्याकडे कृषी विभाग ज्या 'शेतीशाळा' घेतो, त्या पद्धतीचं मूळ इंडोनेशियाच्या भातशेतीत आहे. तिथे १९८५-८६ मध्ये तपकिरी तुडतुड्यांनी भात उद्ध्वस्त केला होता. कीटकनाशकांनी तुडतुडे खाणारे कोळी आधी मरत होते, त्यामुळे जितकी फवारणी तितके तुडतुडे जास्त. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने भातावरची ५७ कीटकनाशकं बंद झाली, काही वर्षांत कीटकनाशकांवरचं भरघोस अनुदान थांबलं आणि मग १९८९ पासून शेतकऱ्यांच्या शाळा सुरू झाल्या. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी सरकारने विष स्वस्त करणं थांबवलं, मग शेतकऱ्याला शिकवायला घेतलं.

शाळा भरायची ती शेतातच, आठवड्यातून एकदा, अख्खा हंगाम. शेतकरी झाडं तपासायचे, कीड आणि मित्रकीटक मोजायचे, चित्र काढायचे आणि फवारायचं की नाही ते गटाने ठरवायचे. ढालकिड्याच्या अळीला मावा खाताना एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की तिच्यावर औषध मारताना हात थांबतो. पण एक मर्यादाही दिसली. जागतिक बँकेच्या अभ्यासकांना आढळलं की शाळेत गेलेल्यांकडून हे ज्ञान शेजाऱ्यांपर्यंत फारसं पोचत नाही. नवं बियाणं शेजारी पाहून उचलतो, कारण ते दिसतं. मोजून थांबण्याचा निर्णय बांधावरून दिसत नाही.

त्यामुळे पुढच्या हंगामात एखाद्या गावात सापळे वाटायचे असतील, तर वाटणाऱ्यांनी आधी काही व्यवहारी प्रश्न सोडवावेत. ल्यूर तीन-चार आठवड्यांनी बदलावी लागते, ती गावात कोणाकडे मिळेल? पतंगांची मोजणी करून आकडा चावडीवर रोज कोण लिहील, आणि त्या माणसाला मानधन मिळेल का? आकडा पातळीच्या खाली असताना ज्यांनी फवारलं नाही त्यांचं नुकसान झालं, तर भरपाईची काही सोय आहे का? ठोक्याने, म्हणजे दुसऱ्याचं शेत ठराविक रकमेवर घेऊन, शेती करणाऱ्याचं नाव यादीत आहे का? बैठक निंदणाला जाणाऱ्या बायांच्या वेळेला ठेवली आहे का? शिवारातले सगळे जण एका तारखेला पऱ्हाटी उपटायला तयार आहेत का, आणि ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याला तेव्हा फरदडीऐवजी पेरायला हरभऱ्याचं बियाणं हातात मिळेल का? हे ठरलं असेल तर सापळे जुलैअखेर, फुलं लागायच्या आधी गावात यावेत. सप्टेंबरात आलेले सापळे फक्त मोजदादीपुरते.